मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरचा सिट्झ बाथ टब: घ्यावा का?

कोमट पाण्यात बसून शेक घ्यायला कमोडवर ठेवायचा हा प्लास्टिकचा टब मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानांत सहज मिळतो. घ्यावाच, पण घडीचा नको. त्याच्या चुण्यांत मळ बसतो आणि वजन पडलं की तळ खचतो. अखंड, जाड काठाचा आणि मागे जादा पाणी जायला भोकं असलेला बघा. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर टब निरुपयोगी. तिथे रुंद घमेलं स्टुलावर ठेवलेलं बरं.

ऑपरेशननंतरची कळ बरीचशी गुदद्वाराचा स्नायू आवळल्याने येते. कोमट पाण्याने तो सैलावतो, म्हणून आराम पडतो. सीट वर करून टब बसवा, अर्धा भरा, कोपर बुडवून पाहा: सुखद वाटलं पाहिजे, चटका नको. 10 ते 15 मिनिटं, दिवसातून 3 वेळा, शिवाय प्रत्येक शौचानंतर. डेटॉल किंवा तुरटी अजिबात नको, जखम चुरचुरते. नंतर घासू नका, मऊ कापडाने टिपा. उठताना भोवळ येऊ शकते, भिंतीचा आधार घ्या.

टब एकटा पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्या, कळ वाढायची वाट बघू नका. ट्रामाडॉल असेल तर बद्धकोष्ठता होते, त्यामुळे इसबगोल आणि भरपूर पाणी हवंच. लघवी अडली, ताप आला किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तर टबात बसून राहू नका, थेट हॉस्पिटल गाठा.