शार्डोने परिषद: पहिली सकाळ चुकवू नका

शार्डोने, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, बनवणाऱ्यांसाठी भरणाऱ्या या दोन दिवसांच्या परिषदेला मी जाऊन आलो. पुढच्या वेळी तिथे जावं का, असं सेलरमधले सहकारी विचारतायत. जावं. त्यातही पहिल्या दिवसाची सकाळ काहीही झालं तरी सोडू नये, कारण ती सगळी प्रेसवर, म्हणजे द्राक्षं दाबून रस काढणाऱ्या यंत्रावर होती.

शार्डोनेचा विषय निघाला की गप्पा लगेच ओकच्या बॅरलवर जातात. लाकूड कुठल्या जंगलातलं, आतून किती भाजलेलं, नवी बॅरल किती. इथे सुरुवात त्याच्या बरीच आधीपासून केली. एकाच बागेतली, एकाच सकाळी तोडलेली द्राक्षं आणि प्रेसमधून निघालेल्या रसाचे तीन भाग: जवळपास आपोआप गळालेला, मधला, आणि शेवटी जोर लावून काढलेला. तिन्ही वेगवेगळे आंबवले, जुन्या बॅरलमध्ये सारखाच काळ ठेवले आणि कोणता कुठला हे न सांगता आमच्यापुढे मांडले. दाब वाढत गेला की सालीतून रसात फिनॉल, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्यं, उतरतात, पोटॅशियमही उतरतं, पीएच चढतो आणि आम्लता घटते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण तिसऱ्या ग्लासचा घोट गिळल्यावर हिरड्यांवर जी तुरट पकड राहिली, तिने प्रेस कुठे थांबवायचा हे कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त स्पष्ट सांगितलं. मधला भाग मला सर्वांत आवडला. पहिला नितळ होता, पण अंगाने हलका.

त्यानंतरचा वाद तर मी कितीही वेळ ऐकत बसलो असतो. दोघेही अनुभवी वाइनमेकर, दोघेही देठांसकट अख्खे घड प्रेसमध्ये घालणारे. देठांमुळे रसाला वाहायला वाट मिळते आणि कमी दाबात कमी गाळाचा रस निघतो, इथपर्यंत दोघांचं एकमत. पुढे मात्र एक जण रसाला हवा लागू देत नाही. सल्फर डायऑक्साइड आणि कोरडा बर्फ वापरून तो राखतो. दुसरा सल्फर न घालता रस चांगला तपकिरी होऊ देतो. लवकर ऑक्सिडाइज होणारी फिनॉल तिथेच काळी पडून गाळात बसतात, किण्वनात रंग पुन्हा फिका होतो आणि वाइन पुढे हवेला जास्त टिकते, असं त्याचं म्हणणं. सूत्रसंचालकाने दोघांना मधे तोडलं नाही, याबद्दल त्याचे खास आभार.

या वादाचा धागा दुपारच्या सत्रात अचूक पकडला गेला. 1990 च्या दशकाच्या मध्यानंतरच्या, फ्रान्समधल्या बर्गंडीच्या कितीतरी पांढऱ्या वाइन बाटलीत अकाली म्हाताऱ्या झाल्या. दहा-पंधरा वर्षं सहज टिकावी अशी बाटली काही वर्षांतच गडद पिवळी पडायची. वक्त्रीने एका कारणावर बोट ठेवून विषय मिटवला नाही. बुचांचा दर्जा, सल्फरचं घटलेलं प्रमाण, बॅरलच्या तळाशी बसलेला यीस्टचा गाळ वरचेवर ढवळण्याची पद्धत, नव्या प्रेसमधून येणारा फारच स्वच्छ रस, असं सगळं तिने एकेक करून तपासलं. सकाळचे तीन ग्लास डोक्यात ताजे असल्यामुळे प्रत्येक मुद्दा लगेच बसत होता. सत्रांचा क्रम ठरवणाऱ्याने मनापासून विचार केलेला दिसला.

आगकाडी ओढल्यावर येतो तसा वास, म्हणजे ज्याला सगळे ‘रिडक्शन’ म्हणतात, त्यावरचं सत्रही चांगलं झालं. त्यामागचं बेंझिनमिथेनथायॉल हे गंधकयुक्त संयुग अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतं. रसात गाळ किती ठेवला, यीस्टला नायट्रोजन किती मिळाला, यावर त्या वर्गातल्या गंधकयुक्त संयुगांची वाढ बरीच अवलंबून असते. माझं मत ठाम आहे: हा वास फळाच्या मागे हलका असला तर शार्डोनेला धार येते, तोच पुढे आला की बाग दिसेनाशी होते. टेस्टिंगमधल्या एका नमुन्यात नेमकं तेच झालं होतं, आणि टाळ्या मात्र त्यालाच जास्त मिळाल्या. मला हे खटकलं.

मॅलोलॅक्टिकवर, म्हणजे वाइनच्या दुसऱ्या, जिवाणूंनी होणाऱ्या किण्वनावर, नवीन काही नव्हतं. ऊनोकॉकस ऊनी हा जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक करतो, लोण्याचा वास त्यात तयार होणाऱ्या डायअसेटिलचा, आणि जिवंत यीस्टवर वाइन थोडी थांबली की तो कमी होतो, एवढं ऐकून चहाला गेलो तरी चालेल. उद्घाटनाच्या भाषणात 1976 चं पॅरिसचं टेस्टिंग आणि तिथे नावं झाकून चाखताना फ्रेंच वाइनना मागे टाकणारी, कॅलिफोर्नियातल्या शातो माँतेलेनाची 1973 ची शार्डोने आली. गोष्ट मोठीच आहे, पण या सभागृहात ती कुणाला माहीत नव्हती?

खरी तक्रार वेलींबद्दल आहे. क्लोनला, म्हणजे एकेका निवडक वेलीपासून कलमाने वाढवलेल्या उपप्रकारांना, जेमतेम पाऊण तास दिला. जिंजिन क्लोनच्या एकाच घडात मोठे आणि बारीक मणी एकत्र येतात, त्यामुळे रसाच्या मानाने साल वाढते; फ्रान्समधल्या दिजाँचे 76, 95, 96 क्रमांकाचे क्लोन वेगळे वागतात. यातल्या प्रत्येकाची वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखायला हवी होती, आम्हाला फक्त स्लाइड दाखवल्या. उलट ओकला अख्खी दुपार, आणि तीही बरीचशी बॅरल विकणाऱ्यांच्या तोंडून. तिथे कामाची गोष्ट एकच: एकच वाइन 228 लिटरच्या आणि 500 लिटरच्या बॅरलमधून. मोठ्या बॅरलमधली जास्त ताणलेली, सरळ होती आणि लाकूड तिच्यात मिसळून गेलेलं होतं.

व्यवस्था नेटकी. खोलीत अत्तराचा वास नाही, थुंकायला प्रत्येकाला वेगळं भांडं, ग्लास पुरेसे रुंद. पहिल्या दिवशी वाइन फारच गार दिल्या, त्यामुळे सुरुवातीचे नमुने मुके वाटले. सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी त्या बारा-तेरा अंशांवर आल्या आणि फरक लगेच जाणवला.

शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकाने आपापले टाकीतले नमुने आणून मांडायचे असतात. जाणार असाल तर तयार, घासूनपुसून बाटलीत भरलेली वाइन नेऊ नका. प्रेसचा शेवटचा भाग वेगळा ठेवून तो न्या. त्या टेबलावर माणसं मोकळेपणाने बोलतात, आणि तो भाग मिश्रणात घ्यायचा की नाही यावर तुम्हाला तिथे पाच जाणकारांची पाच मतं मिळतील.