हॅवलॉकची खोली आणि आमचे ६७,०३६ रुपये

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला, त्यातही हॅवलॉकला जायचा बेत असेल आणि खोलीचं बुकिंग व्हॉट्सॲपवर चाललं असेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी हे वाचा. आमचे ६७,०३६ रुपये गेले. नातेवाइकांना आम्ही "खोली आवडली नाही म्हणून बदलली" असं सांगितलंय. बायको म्हणाली, निदान अनोळखी लोकांना तरी खरं सांग.

ही फसवणूक कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. खऱ्या रिसॉर्टचं नाव, खरे फोटो, नंबर मात्र भामट्याचा. मलाही माहीत होतं. मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे, लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो. त्यामुळे "नीट बघायला हवं होतं" हे मला कुणी ऐकवू नये. बघितलं होतं. व्हाउचरवर जीएसटी नंबर होता, सुरुवातीचे दोन आकडे ३५, म्हणजे अंदमान-निकोबारचेच. पोर्टलवर टाकून पाहिला, तर रिसॉर्टचं नाव बरोबर आलं. येणारच होतं, कारण नंबर खऱ्या रिसॉर्टचा होता. तो त्यांच्या कुठल्याही बिलावर छापलेला असतो, कुणीही उचलावा. रिसॉर्ट खरं आहे एवढंच मी तपासलं. बोलणारा माणूस त्या रिसॉर्टचा आहे का, हे तपासायचं राहिलं.

अप्पांना, म्हणजे वडिलांना, सेल्युलर जेल बघायचं होतं. सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय मरायचं नाही असं ते किती वर्षं म्हणत होते. पोरांना समुद्र हवा होता. मग पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, तिथे दोन रात्री आणि २८ डिसेंबर ते १ जानेवारी हॅवलॉक असं ठरलं. पोर्ट ब्लेअरचं हॉटेल आणि बोटीची तिकिटं मी कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरून काढली. ती सगळी व्यवस्थित निघाली. फक्त हॅवलॉकची खोली अडली. त्या आठवड्यात बेटावर जागा मिळणं म्हणजे काय ते गेलेल्यांनाच कळेल. मोठ्या साइटवर जिथे तिथे "शिल्लक नाही". मग नकाशावर रिसॉर्टच्या नावाखाली दिसणारा मोबाइल नंबर लावला. नकाशावरचा नंबर बाहेरचं कुणीही बदलायला सुचवू शकतं, हे मला नंतर कळलं.

पलीकडचा माणूस इतका अदबीने बोलत होता की आपले सख्खे भाचेसुद्धा तसे बोलत नाहीत. "अंकलजींसाठी ग्राउंड फ्लोअर देतो, बाथरूममध्ये हँडल आहे." दोन कॉटेज, चार रात्री, रात्रीला एका कॉटेजचे ७,२००. एकूण ५७,६००, त्यातले निम्मे आगाऊ. २८,८०० गेले. चार दिवसांनी सांगितलं, ३१ तारखेचं गाला डिनर सक्तीचं आहे, माणशी ३,५००. पाच माणसांचे १७,५०० गेले. यातही संशय घेण्यासारखं काही नव्हतं, खरी रिसॉर्टंसुद्धा ३१ डिसेंबरला हे जेवण गळ्यात मारतातच.

आता तो क्षण. तो आठवला की अजून रात्री उठून बसतो.

मी विचारलं, रिसॉर्ट नेमकं कुठे? तो म्हणाला, "राधानगर बीचला लागूनच सर, जेट्टीवरून चालत पाच मिनिटं." राधानगर म्हणजे सात नंबरचा किनारा, बेटाच्या पश्चिमेला. जेट्टी एक नंबरला. मध्ये सुमारे बारा किलोमीटर रस्ता आहे. मी तोवर या बेटाचे एवढे व्हिडिओ पाहिले होते की कुठला नंबर कुठे येतो हे झोपेतही सांगितलं असतं. तीन नंबर गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर. त्यानं वाक्य उच्चारलं तेव्हा माझ्या डोक्यात "नाही हो" असं स्पष्ट उमटलं, आणि मी काय केलं? मी मनातल्या मनात त्याची बाजू सावरली. म्हटलं, बुकिंगवाला असेल कोलकात्यात वगैरे बसलेला, त्याला काय कळतंय. वकीलपत्र घेतलं मी चोराचं, तेही फुकट!

दुसरा क्षण याहून वाईट, कारण तो माझ्या धंद्यातला. "सर, जीएसटी राहिला, १८ टक्के, १०,३६८." रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २,८८०. हे मी त्याच आठवड्यात एका लॉजवाल्या अशिलाला समजावून सांगितलं होतं. त्या भामट्याला तसं म्हटलं, तर म्हणाला, "पीक सीझन आणि फूड पॅकेज आहे ना सर, कॉम्पोझिट जातं." म्हणजे खोली आणि जेवण एकत्र धरून एकच कर. शब्द बरोबर वापरला हो त्यानं! मी कुरकुरलो आणि भरले. वर्षअखेरीला खोली हातची जाईल ही एकच भीती. मग, "सर, तुमचं पेमेंट बिलाला लिंक झालं नाही, तीच रक्कम परत पाठवा, पहिली आपोआप रिटर्न येईल." पुन्हा १०,३६८. बेरीज तुम्हीच करा, मी खूपदा केलीय.

पैसे पाठवताना पडद्यावर नाव एका बाईचं येत होतं. आता यूपीआयवर बँकेतलं नोंदलेलं नाव दिसतं, त्याचसाठी ते दाखवतात. विचारलं, तर "मॅडम ओनर आहेत." रिसॉर्टच्या खात्याऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं की तिथेच फोन ठेवा, ओनर असो की ओनरची आजी. आणि सारखं "बेटावर रेंज नसते, कॉल नको, व्हॉट्सॲप करा". काही वर्षांपूर्वी हे पटलंही असतं. पण चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. रेंज आजही जाते-येते, पण पैसे मागायला त्याला रेंज कधी कमी पडली नाही.

हॅवलॉकला आमची बोट दुपारी उशिरा लागली. जेट्टीवर नुसती झुंबड. हातात नावांच्या पाट्या घेतलेले ड्रायव्हर, स्कूटी भाड्याने देणारे, लाइफ जॅकेट घातलेली पोरं, शहाळीवाले. आमच्या नावाची पाटी कुठेच नाही. रिक्षा करून रिसॉर्टवर गेलो, जे निघालं पाच नंबरला. काउंटरवरच्या मॅनेजरनं व्हाउचर हातात घेतलं आणि न वाचताच परत दिलं. म्हणाला, हा फॉरमॅट आमचा नाही, तुमच्याआधी आजच एक कुटुंब असंच येऊन गेलं. मी त्याच्यावर ओरडलो. तुमच्या नावानं लुटतात, तर तुम्ही साइटवर इशारा का लावत नाही? तो म्हणाला, लावलाय. होता. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

तिथे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे चहाची वेळ असते तेव्हा तिथे अंधार. अप्पा बॅगेवर बसलेले, पोरं गप्प, बायको काही बोलत नव्हती आणि तेच जास्त लागत होतं. शेवटी रिक्षावाल्यानंच सोय केली. राधानगरच्या वाटेवर सुपारीच्या बागेत एका बंगाली कुटुंबाच्या मागच्या दोन खोल्या, एकीचे ४,०००. एरवी याच्या निम्म्यातही मिळाली असती, पण त्या रात्री मी ६,००० दिले असते. घरातल्या आजी फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून येऊन इथे वसवलेल्या कुटुंबांपैकी. त्या अप्पांसाठी वेगळा डाळ-भात आणि भाजी करायच्या, मासळीचा चमचासुद्धा त्यात जाऊ द्यायच्या नाहीत. बेटाबद्दल माझी तक्रार नाही. राधानगर खरंच तसं आहे जसं फोटोत दिसतं.

त्याच रात्री १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली गेली. पैसे गेल्यागेल्या पहिल्या काही तासांत हा फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येते. आमचे पैसे नोव्हेंबरातच गेले होते. त्या बाईच्या खात्यात २,९४० रुपये गोठवले गेले. बाकी पुढे कुठल्या कुठे.

खरा वनवास गावी परतल्यावर. बँक म्हणाली, तुमच्याच पिननं गेलेत, आमची जबाबदारी नाही. नियमाच्या भाषेत ते बरोबर आहे, मी वाचलाय नियम. पण समोरचं खातं उघडताना केवायसी कुणी केली? बचत खात्यात परक्या लोकांचे पैसे येऊन मिनिटांत बाहेर जातात, हे कुठल्याच यंत्रणेला दिसत नाही? माझ्या अशिलाचा एक दिवस उशीर झाला तर दंडाची नोटीस दारात येते, तेव्हा सगळ्या यंत्रणा कशा टकाटक चालतात!

पोलीस ठाण्यात आधी निवडणुकीचा बंदोबस्त. मग "ऑनलाइन केलीय ना, मग इथे काय?" मग "गुन्हा अंदमानात घडला, तिकडे नोंदवा." मी म्हटलं, पैसे माझ्या घरी बसून गेलेत, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं लिहिलंय. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. तर उत्तर, "ते मोठ्या गुन्ह्यांना असतं." कुठे लिहिलंय? उत्तर नाही. चॅटचे प्रिंट आणा, आणले. रंगीत आणा. आधारची झेरॉक्स आणा. सही नीट नाही. आणि हे सगळं झाल्यावर टेबलापलीकडचा मला विचारतो, "एवढ्या लांब कशाला गेलात? कोकणात समुद्र नाही का?"

गोठवलेले २,९४० मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाची फी विचारली, ५,०००.

तुम्हाला जायचंच असेल तर रिसॉर्टला व्हिडिओ कॉल करून काउंटर दाखवायला सांगा. नंबर किमान दोन ठिकाणांहून जुळवा, नकाशावरून नाही. "पहिली रक्कम परत येईल" हे वाक्य ऐकलं की संपलं, पुढे एक रुपया नको. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, कागदावर लिहून ठेवा, १९३० वर पहिल्यांदा तोच विचारतात. पैसे गेले नसतील, नुसता संशय असेल, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर संशयित नंबर कळवायला "चक्षू" आहे, तिथे नंबर टाका.

मीही टाकलाय. नंबर अजून चालू आहे. त्याच्या व्हॉट्सॲपवर आता तारकर्लीच्या एका रिसॉर्टचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, होळी स्पेशल, मोजक्याच खोल्या शिल्लक.