मागचा टायर एका बाजूने झिजला आणि ७,२८० रुपये गेले

गॅरेजचं नाव लिहीत नाही, उलट माझ्यावरच केस ठोकतील. पण चाकणच्या कंपन्यांत रोज बाईकने जाणाऱ्यांनी वाचाच.

मागचा टायर डावीकडून घासला होता, उजवीकडे नक्षी शाबूत. मेकॅनिकने पुढचं चाक हलवून निकाल दिला, "शॉकअपचे (पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे, धक्के खाणारे) पाइप बेंड आहेत, गाडी तिरकी पळते, म्हणून टायर खातोय." पाइप जोडी २,६००, ऑइल सील ३८०, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) ६५०, टायर २,४५०, मजुरी १,२००. सगळे रोख.

संध्याकाळी "हे बघा तुमचे" म्हणत त्याने दोन्ही वाकडे पाइप बॉटमसकट, म्हणजे खालच्या नळ्यांसकट, दाखवले. एकाही बॉटमवर डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबून धरणारा भाग) बसवायचे कान नव्हते! माझ्या गाडीला पुढे डिस्क आहे. ते ड्रम ब्रेकवाल्या गाडीचे होते, चक्क हातात धरून पाहिले मी. आता म्हणाल, डोळे फुटले होते का? पाऊस, एकच बल्ब, आणि एवढं कळत असतं तर मेकॅनिककडे गेलोच कशाला असतो?

नवा टायरही डावीकडूनच झिजायला लागला. दुसऱ्या मेकॅनिकने आधी मागचा एक्सल बघितला. चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवरच्या) खुणा: एका बाजूला तिसरी, दुसऱ्या बाजूला पाचवी. चेन टाइट करताना चाक तिरकं बसवलेलं. चेन दर वेळी टाइट करणारा कोण? तोच पहिला मेकॅनिक! सरळ करायचे ८० रुपये झाले. पाइप तर बदललेच नव्हते, डस्ट कव्हरखालचे गंजाचे जुने ठिपके तसेच. वर २०२४ मध्ये घेतलेल्या 'नव्या' टायरवर आकडे २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर चढवण्याआधी हे चार आकडे वाचा.

मधोमध झिजला तर हवा जास्त किंवा नुसता सरळ हायवे. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. पुढचा टायर खड्डे-खड्डे पडून झिजला तर शॉकअपवर संशय घ्या, मागचा एका बाजूने गेला तर आधी खुणा मोजा. काढलेला पार्ट समोर काढायला लावा.

चौकीत साहेब म्हणाले, "हे दिवाणी आहे." त्यांनी वाहनांच्या कार्यालयात पाठवलं, तिथे म्हणे गॅरेज आमच्याकडे येत नाही. तासभर बाकावर बसवून हे उत्तर! मग ग्राहक आयोगात जा म्हणाले, बिल घेऊन. माझ्याकडे 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी, ना शिक्का ना जीएसटी नंबर. पक्कं बिल मागायला गेलो, तर म्हणतो, "साहेब, त्याचे अठरा टक्के वेगळे पडतील."