तोडलेल्या तामणाला वळणावर आणणारे माळीमामा

टिळकवाडीत आमच्या फाटकाशी तामण आहे. महाराष्ट्राचं राज्यफूल म्हणून सासऱ्यांनी हट्टाने लावलेलं. बेळगावात असले हट्ट घरोघरी सापडतील. मागे वायरीला फांद्या लागतात म्हणून आलेल्या माणसांनी ते वरून सपाट उडवलं. मनगटाएवढ्या फांद्यांचे खुंट उरले आणि पुढच्या पावसात प्रत्येक खुंटाला केरसुणीसारखे धुमारे फुटले. बघता बघता झाड परत वायरीला टेकलं.

खानापूर रोडवरच्या एका नर्सरीतले माळीमामा जानेवारीत, पानं लाल होऊन गळाल्यावर आले. मी म्हटलं, "मामा, हे सगळं साफ करा." तर म्हणाले, "सगळं काढलं तर दुप्पट फुटतंय की ओ ताई. तीन वर्षं धरून चाला."

प्रत्येक खुंटावर बाहेरच्या अंगाला जाणारे एक-दोन दणकट धुमारे ठेवले, काहींचे नुसते शेंडे मारले, एकमेकांवर घासणारे बुडातून काढले. एकूण पाव भागाच्या वर हात लावला नाही. असे धुमारे सालीलगतच फुटतात, आतल्या लाकडात रुजलेले नसतात, त्यामुळे जाड झाले की वळवाच्या वाऱ्यात निखळतात. म्हणून गर्दी कमी करायची, हे त्यांनी एक धुमारा हाताने मोडून दाखवलं. बुडाशी साल तेवढी सोलून आली.

वाळलेला खुंट काढताना मी खालीच उभी होते. आधी खालून थोडी करवत, मग जरा पुढे वरून; वजन उतरल्यावर शेवटचा काप, फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कडेला धक्का न लावता. साल चिरली नाही. सासूबाई डांबर लावा म्हणाल्या, तर "जखम झाड स्वतःच झाकतंय, आज्जी" म्हणून डबा परत पाठवला.

यंदा मे महिन्यात फुलं आली, पण थोडीच, आणि राखलेल्या धुमाऱ्यांच्या टोकांनाच. आकार अजून ओबडधोबड आहे.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत, सकाळी येतो म्हणून दुपारी उगवतात, आणि फांद्यांचा ढीग फाटकासमोर टाकून जातात. तो उचलायला वेगळे पैसे मोजावे लागले. मजुरी मदतनीसासकट पंधराशे, मला रास्त वाटली.

बोलवायचं असेल तर दिवाळी झाली की सांगून ठेवा. गणपतीच्या आधी घाईने फोन केलात तर येणार नाहीत, ओल्या झाडावर ते चढत नाहीत.