चारही कॉइल गेल्यात म्हणे!

नाव घेत नाही, उद्या माझ्यावरच नोटीस यायची. पण शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं मला १३,३२० रुपयांना गंडवलं. चार इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देतात त्या, दर सिलिंडरला एक) ९,८००, प्लग १,५२०, मजुरी १,२०० आणि नुसता स्कॅनर लावायचे ८००.

पन्हाळ्याच्या चढाला गाडी धक्के खायला लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. (असा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागाची, वाट लावतं.) स्कॅनरवर कोड आला पी०३५२. म्हणजे फक्त दोन नंबरच्या कॉइलचं सर्किट. तरी गडी म्हणतो, "दादा, चारही कॉइल गेल्यात." अहो, चारही गेल्या असत्या तर गाडी तुझ्या दारापर्यंत आली कशी? तीन सिलिंडरवर रडत का होईना, आलीच ना! प्रश्न अगदी ओठावर होता. पण घरात लग्न, पाहुण्यांची ने-आण, आणि हा बोलतोय असा की इंजिन त्यानंच बनवलंय. तुम्हीही वाद घातला नसता.

कॉइल खरंच गेली का, हे बघायचं सोपं आहे. दोनची कॉइल तीनवर, तीनची दोनवर लावायची, कोड पुसून इंजिन चालू करायचं. कोड पी०३५३, म्हणजे तीन नंबरचा, झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर वायरिंग बघा. हे तुमच्यासमोर करायला जो तयार नसेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या.

लग्न उरकलं आणि पुन्हा तेच धक्के. आता तोच गडी म्हणे ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, २८,००० लागतील! तेव्हा उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं मल्टिमीटर लावला. दोनच्या सॉकेटला १२ व्होल्ट येतच नव्हते. वायर उंदरानं कुरतडलेली, आणि वर नवाकोरा टेप! म्हणजे त्या भामट्यानं ती बघितली होती. 'नव्या' कॉइलवर मागच्या सर्व्हिसला मार्करनं घातलेले आकडे तसेच, अर्धवट पुसलेले. मिस्त्रीनं १५० रुपये घेतले.

पोलीस ठाण्यात गेलो तर, "हा व्यवहाराचा वाद, ग्राहक कोर्टात जावा." जुनी कॉइल नवी म्हणून विकणं हा व्यवहार? मग फसवणूक कशाला म्हणायचं? साहेब जेवायला गेलेत, साहेब बंदोबस्तात, साहेब उद्या. वर मलाच विचारतात, "बिल हाय का?" बिल कसलं, गॅरेजचं नावसुद्धा नसलेली चिठ्ठी. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, एवढं तरी सांगायचं! तेही माझं मलाच शोधावं लागलं.

काढलेले पार्ट डिकीत टाकून घ्या. जीएसटी नंबरचं बिल मागा. पैसे यूपीआयनंच द्या. मी रोख दिले, कारण रोख दिलेत तर वरचे ३२० सोडतो म्हणाला होता. तेही सोडले नाहीत.