संसदेतली लेखी उत्तरं: आमच्या तालुक्यातून वापरून पाहिलेली एक सेवा

‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारनं दिलेली लेखी उत्तरं फुकट वाचायला मिळतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाईन अर्जांचं दुकान आहे. नागरिकत्व, परदेशी नागरिक आणि पोलीस या विषयांवरची गृह मंत्रालयाची उत्तरं मी नेमानं वाचते आणि लागेल त्याला छापून देते. या सेवेला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे.

हे विषय आमच्याकडे दूरचे नाहीत. तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशा बंगाली वसाहती आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना साठ-सत्तरच्या दशकांत इथं जमीन देऊन बसवलं. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, सगळा भंडाराच होता. गोठणगावकडे १९७२ पासून तिबेटी लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. आणि पलीकडे गडचिरोलीचं जंगल लागतं, म्हणून नक्षलग्रस्त हा शब्द आमच्या जिल्ह्याला कितीतरी वर्षं चिकटलेला होता. दिल्लीत गृह मंत्रालयानं काय लिहून दिलं, याचा परिणाम आमच्या बाजाराच्या दिवशी दुकानात दिसतो.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आसामची अंतिम नागरिक नोंदवही, म्हणजे एनआरसी, आली होती आणि त्यात १९,०६,६५७ अर्जदारांची नावं नव्हती. दोन्ही बातम्या मोबाईलवर एकमेकींत मिसळून आमच्यापर्यंत पोचल्या. वसाहतीतले म्हातारे लोक प्लास्टिकच्या पिशव्यांत कागद घेऊन यायचे. जमिनीचा पट्टा, जुनं रेशनकार्ड, निर्वासित असल्याचा घडीवर फाटलेला दाखला. एक दादा लहानपणी आईच्या कडेवर इकडे आलेले. ते म्हणाले, “ताई, आमाले परत पाठवतेत का? आन परत म्हणजे कुठं जी? माझ्या पोराचा जनम तं इथलाच हाये.”

पोराचा जन्म १९७८ चा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ३ सांगतं की २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानं भारताचा नागरिक, मग आई-बाप कुठले का असेनात. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याला आई-बापांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो. त्याच्या पुढच्यांना दोघंही, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. हे मी दादांना सांगितलं, पण दुकानदारीण सांगते त्याला वजन किती? मग ४ फेब्रुवारी २०२० ला लोकसभेत लेखी उत्तर आलं की राष्ट्रीय पातळीवर नागरिक नोंदवही तयार करण्याचा कुठलाही निर्णय सरकारनं अद्याप घेतलेला नाही. मी ते उत्तर मोठ्या अक्षरांत छापून दारावर चिकटवलं. ‘अद्याप’ हा शब्दही तसाच ठेवला, कारण उत्तरात तो होता. दादांनी एक प्रत घडी करून पिशवीत दाखल्याशेजारी ठेवली. पुढं एका कार्यालयात कुणीतरी त्यांना उगाच दरडावलं, तेव्हा त्यांनी ती पुढं केली. समोरच्या माणसानं ती वाचली आणि आवाज खाली आणला.

माझ्या लेखी या सेवेचा खरा उपयोग हाच आहे. सभेतलं भाषण दुसऱ्या दिवशी फिरवता येतं. टीव्हीवरचं बोलणं तर रात्रीच विरतं. लेखी उत्तरावर प्रश्नाचा क्रमांक, उत्तराची तारीख, खासदाराचं नाव आणि मंत्र्याचं नाव असतं. तारीख दोन पद्धतींनी छापतात, इंग्रजी आणि शक, म्हणजे ५ ऑगस्ट २०२५ च्या खाली १४ श्रावण १९४७. असा कागद घेऊन साधा माणूस कुणाच्याही टेबलासमोर उभा राहू शकतो.

आता दर्जाबद्दल. गृह मंत्रालयाचं उत्तर सुपात घेऊन पाखडावं लागतं. प्रश्नाचे क, ख, ग, घ असे भाग असतात आणि उत्तर बरेचदा ‘क से घ’ असं एकत्रच येतं. म्हणजे चार गोष्टी विचारल्या आणि एकच परिच्छेद हाती आला. पहिल्या दोन-तीन ओळींत कायद्याचं नाव आणि सरकारचं धोरण असतं. मी सरळ शेवटी जाते. तिथं विवरणपत्र जोडलेलं असलं तर राज्यवार आकडे मिळतात आणि महाराष्ट्राची ओळ सापडते. जिल्ह्याचा आकडा मात्र क्वचित असतो.

नक्षलवादावरच्या उत्तरांत जिल्हे नावानिशी येतात, म्हणून ती मला सगळ्यात कामाची वाटतात. एप्रिल २०१८ पर्यंत देशात १२६ जिल्हे नक्षलग्रस्त होते. मग ९० झाले, २०२१ मध्ये ७०, एप्रिल २०२४ मध्ये ३८ आणि एप्रिल २०२५ मध्ये १८. ३८ च्या यादीत महाराष्ट्राचे गडचिरोली आणि गोंदिया हे दोन जिल्हे होते. १८ च्या यादीत गोंदिया नाही. हिंसाचाराच्या घटना २०१० मध्ये १,९३६ होत्या आणि २०२४ मध्ये ३७४. मृत्यू १,००५ वरून १५० वर आले. हे आकडे मी भिंतीवर लावले तेव्हा एक निवृत्त पोलीस शिपाई बराच वेळ उभे राहून वाचत होते. २०१० चा आकडा त्यांनी बोटानं दाखवला आणि म्हणाले, “यातले किती लोक आपले ओळखीचे होते, मॅडम.” पुढं काही बोलले नाहीत. नोंद नीट ठेवली की ती वाचणाऱ्यालाही मान मिळतो, म्हणून या उत्तरांना मी पाचपैकी पाच देईन.

घुसखोरीच्या प्रश्नावर मात्र गाडी रुतते. देशात बेकायदा राहणारे बांगलादेशी किती, हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. ठरलेलं उत्तर असं की हे लोक वैध कागदपत्रांशिवाय चोरून येतात, त्यामुळे अचूक आकडेवारी गोळा करणं शक्य नाही. उत्तर पटण्यासारखं आहे. लपून आलेल्या माणसाची मोजदाद कशी होणार? पण मग जुनी उत्तरं काढून बघा. १४ जुलै २००४ ला राज्यसभेत आकडा दिला होता १,२०,५३,९५०, तोही ३१ डिसेंबर २००१ रोजीचा. शेवटच्या पन्नास माणसांपर्यंत मोजलेला! त्याच महिन्यात सरकारला सभागृहात सांगावं लागलं की हा आकडा कुठल्याही पाहणीवर आधारलेला नव्हता. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यसभेतच उत्तर आलं, उपलब्ध माहितीनुसार सुमारे दोन कोटी. म्हणजे एकदा सव्वा कोटी, एकदा दोन कोटी, एरवी मोजता येत नाही. सरकारं वेगवेगळ्या पक्षांची होती, मंत्रालय तेच.

उलट दिशेचा हिशेब बघा. भारताचं नागरिकत्व सोडून गेलेले लोक परराष्ट्र मंत्रालय माणशी मोजून सांगतं: २०२० मध्ये ८५,२५६, २०२१ मध्ये १,६३,३७०, २०२२ मध्ये २,२५,६२०. जाणारा पासपोर्ट जमा करतो, त्याची नोंद होते. येणारा नोंद टाळून येतो. हा फरक मला मान्य आहे. पण तो मान्य केला की दोन कोटींचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगू नये. माझ्या दुकानात तरुण पोरं मोबाईल पुढं करून ‘ताई, हे पाहा किती घुसले’ म्हणतात. मी त्यांना ही तिन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचायला देते, कारण असल्या आकड्यांचा पहिला मार अरुणनगरच्या माणसावर पडतो. त्याची भाषा बंगाली, आणि रेल्वेच्या डब्यात त्याला कुणी पट्टा दाखवायला सांगत नाही, सरळ बांगलादेशी म्हणून मोकळं होतं.

सगळ्यात जास्त राग मला २०२५ च्या पावसाळी अधिवेशनातल्या एका उत्तराचा आला. प्रश्न सरळ होता. नागरिकत्वाचा पुरावा म्हणून कोणती ओळखपत्रं ग्राह्य आहेत? उत्तरात १९५५ चा कायदा आला, सरकार प्रत्येक नागरिकाची सक्तीनं नोंदणी करून राष्ट्रीय ओळखपत्र देऊ शकतं ही तरतूद आली. कार्डाचं नाव एकही नाही. माझ्याकडे येणारी बाई आधार दाखवते आणि म्हणते, हेच ना? आधारच्या कायद्यातच, कलम ९ मध्ये, लिहिलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मग कोणता कागद? हे मंत्रालयानं एका ओळीत सांगायला हवं होतं. ज्यांना पिढ्यान् पिढ्यांचा सातबारा आहे त्यांना ही ओळ लागत नाही. निर्वासित, भटके, वीटभट्टीवर जन्मलेली लेकरं यांना ती लागते. इथं मी एक तारा पूर्ण कापलाय.

तिबेटी वसाहतीतल्या लोकांचंही तेच. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, आरसी म्हणतात, आणि त्याचं नूतनीकरण करत राहावं लागतं. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला तिबेटी हा जन्मानं भारतीय नागरिक आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. तरी असा निकाल आहे हेच अनेकांना माहीत नसतं. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झालाय. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे त्यात गेले. जुनी उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवा, कलमांचे क्रमांक आता बदललेत.

अर्धा तारा भाषेसाठी कापला. उत्तरं हिंदीत आणि इंग्रजीत मिळतात. आमच्याकडे हिंदी समजते, पण ‘सातवीं अनुसूची के अंतर्गत’ असली सरकारी हिंदी समजून घ्यायला हिंदी पट्ट्यातल्या माणसालाही वेळ लागेल. खासदार सभागृहात मराठीत बोलू शकतो, तर निदान महाराष्ट्रातल्या खासदाराच्या प्रश्नाचं उत्तर मराठीत का देऊ नये?

पोलिसांबद्दल काही विचारलं की दिल्लीचं उत्तर ठरलेलं असतं. पोलीस आणि सार्वजनिक व्यवस्था हे राज्यांचे विषय आहेत. घटनेत तसंच आहे, त्यामुळे तक्रार नाही. मग विधिमंडळाची प्रश्नोत्तरं काढायची. ती मराठीत असतात आणि त्यांत गावाचं नाव येतं, तालुका-जिल्ह्यासकट. ठाण्यात मनुष्यबळ कमी आहे, दारूभट्टीवर कारवाई झाली नाही, चौकीची इमारत पडायला आली, असं सगळं. रचना पक्की असते. आधी ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’ने सुरू होणारे दोन-तीन भाग, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरात पहिल्या भागापुढं ‘हे खरे नाही’ आलं की बाकीच्यांपुढं ‘प्रश्न उद्भवत नाही’ येतं आणि सगळं तिथंच संपतं. पण ‘हे अंशतः खरे आहे’ असं आलं तर तो कागद सोन्याचा समजा. त्यापुढच्या वाक्यात सरकारनं स्वतः काय कबूल केलं ते असतं. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात होतं. १९५३ च्या नागपूर करारानुसार ते आपल्या हक्काचं आहे, म्हणून विदर्भातल्या आमदारांकडे आपले प्रश्न त्याआधीच पोचायला हवेत.

वापरायला सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं. गृह मंत्रालयाच्या उत्तरांचा दिवस लोकसभेत मंगळवार, राज्यसभेत बुधवार. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. तारांकितावर तोंडी चर्चा होते, पण वेळ तासाभराचाच, त्यामुळे थोडेच पुकारले जातात. म्हणून अतारांकित, म्हणजे नुसतं लेखी उत्तर मिळणारे, शोधा, आकडे तिथं जास्त असतात. माहिती गोळा करत आहोत असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला संसदेची वेगळी समिती आहे. तो प्रश्न क्रमांक वहीत लिहून ठेवा.

आणि प्रश्न आपणही खासदारांमार्फत देऊ शकतो. किमान पंधरा दिवस आधी सूचना जावी लागते, प्रश्न दीडशे शब्दांत बसावा लागतो. वसाहतीतल्या लोकांसोबत बसून आम्ही एक तयार केला. गोंदिया आणि गडचिरोलीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांपैकी किती जणांकडे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आहे, किती अर्ज पडून आहेत, आणि सर्वात जुना अर्ज कोणत्या वर्षीचा. या वसाहतींमधला नामशूद्र समाज पश्चिम बंगालात अनुसूचित जातीत आहे आणि महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्याबद्दल राज्यानं केंद्राकडे काय पाठवलं हा भाग वेगळा काढून आमदारांसाठी ठेवला. खासदारांच्या कार्यालयात पहिला दिला आणि पोच घेतली. दादांनी त्या पोचेच्या दोन झेरॉक्स मागितल्या, एक घरी ठेवायला आणि एक पोराला द्यायला.