भीतीवरचं दोन दिवसांचं वर्कशॉप, जळगाव : साडेतीन स्टार

आधीच सांगतो, पोस्टर वाचून गेलात तर पस्तावाल, न वाचता गेलात तर पैसे वसूल. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर ठळक अक्षरात "दोन दिवसांत भीती गायब", आणि हॉलमध्ये मात्र चार वेगवेगळ्या विषयांची माणसं भीतीवर जगात काय काय रिसर्च झालाय ते सांगत होती. शेजारी बसलेले काका भुसावळहून आलेले, पोराला स्टेजवर बोलता येत नाही त्यावर उपाय मिळेल म्हणून, ते जेवणानंतर दिसलेच नाहीत. फी ९०० रुपये, जेवण धरून. आयोजकांचं नाव लिहीत नाही, ज्यांना पोस्टर आलंय त्यांना कळेलच.

मी गेलो सापामुळे. चोपड्याकडे आमची केळी आहे, पंपाची लाइट बऱ्याचदा रातचीच, मग बारा-एकला बॅटरी घेऊन बागेत जावं लागतं. मागच्या वर्षी ठिबकची काळी नळी घोट्याला लागली आणि मी अशी उडी मारली की बॅटरी एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि सालदार हसू दाबत म्हणतो, "काय दादा, नळी शे ती!" अजून चहाच्या टपरीवर तो किस्सा चालतो.

तर पहिल्या सत्रात मेंदूवाल्या मॅडमनी नेमकं हेच उलगडून सांगितलं. जोसेफ लेडू नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांना आवाज आणि त्याच्या जोडीला शॉक देऊन दाखवलं की धोक्याची खबर अमिग्डालाकडे, म्हणजे मेंदूतल्या बदामाएवढ्या भागाकडे, दोन रस्त्यांनी जाते. एक थेट थॅलॅमसमधून, म्हणजे डोळ्या-कानाची खबर पुढे धाडणाऱ्या मेंदूतल्या ठाण्यातून, झटपट पण अर्धीकच्ची, आणि दुसरी कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या वरच्या विचार करणाऱ्या थरातून फेरा मारून, उशिरा पण नीट पारखून. म्हणजे उडी आधी आणि "अरे, नळी आहे" नंतर. (आपल्याकडे दोरी आणि सापाचा दृष्टांत कीर्तनात कितीदा ऐकलाय, पण तिथे उडीचं कोणी काही सांगत नाही.)

खरी मजा पुढे. मॅडम "अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र" म्हणून बसल्या, आणि दुसरे सर, मानसशास्त्रवाले, उठून म्हणाले असं नाहीये. एस.एम. या नावाने ओळखली जाणारी एक बाई आहे, दुर्मिळ आजाराने तिचे दोन्हीकडचे अमिग्डाला निकामी झालेले. तिच्यासमोर साप ठेवले, कोळी ठेवले, भुताच्या वाड्यात फिरवलं, बाई ढिम्म, उलट सापाला हात लावायला पुढे, हे २०११ सालचं. मग २०१३ मध्ये तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली तर ती घाबरून गलितगात्र. म्हणजे बाहेरचा साप एका वाटेने भीती दाखवतो आणि आतून जीव गुदमरला की ती भलत्याच वाटेने येते. आणि लेडू स्वतःच नंतर म्हणायला लागला की उंदराच्या मेंदूत मी पाहिलं ते धोक्याला दिलेलं उत्तर, त्याला भीती म्हणू नका, भीती ही माणसाला जाणवणारी गोष्ट आहे. मॅडम आणि सर यावर वीस मिनिटं भांडले, अगदी सभ्यपणे, आणि तिथेच माझे ९०० रुपये फिटले.

सरांनी वॉटसन आणि रेनर यांचा १९२० चा लहानग्या अल्बर्टचा प्रयोगही सांगितला, ११ महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणायचा, म्हणजे बाळ नुसत्या उंदरालाच घाबरायला लागतं, ऐकूनच राग येतो. पण १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्सने पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या पोराची सशाची भीती घालवली, तो खात बसलेला असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणून, हे मला नवीन होतं. आणि सुसान मिनेका या मानसशास्त्रज्ञ बाईंची माकडं! लॅबमध्ये जन्मलेली, साप माहीतच नाही. दुसरं माकड सापाला घाबरताना व्हिडिओत पाहिलं की लगेच शिकली. तोच व्हिडिओ जोडतोड करून फुलाला घाबरणारं माकड दाखवलं तर काही शिकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी जंगलवाले सर ऑनलाइन होते, आवाज तुटत होता, पण त्यांचा विषय आमच्या घरचाच निघाला. कॅनडात लियाना झानेट या संशोधक बाईंनी चिमण्यांची घरटी जाळी आणि करंटच्या कुंपणाने सुरक्षित केली आणि स्पीकरवर नुसते शिकारी प्राण्यांचे आवाज लावले. एकही शिकारी आत शिरला नाही तरी त्या वर्षी पिल्लं ४० टक्के कमी. आमच्याकडे बिबट्या दिसल्याची नुसती आवई उठली की मजूर कापणीला येत नाहीत, घड झाडावरच पिकतो. बिबट्या असो वा नसो, नुकसान झालेलंच असतं.

समाजशास्त्राचं सत्र मात्र फसलं, स्लाइड वाचून दाखवण्यापलीकडे काही नाही आणि त्याही इंग्रजीत. कामाची गोष्ट एकच, पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाची १९८७ ची मांडणी, की लोक धोका मोजतात तो मृत्यूच्या आकड्यांवर नाही, त्याची दहशत किती आणि तो आपल्या हातात किती यावर. मी हात वर करून विचारलं, २००० ते २०१९ मध्ये देशात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, निम्मी पावसाळ्यात, मग बिबट्यासाठी गाव बंद आणि सापासाठी गमबूटही नाही, हे का? उत्तर आलं, "छान प्रश्न आहे, चहानंतर बघू." चहानंतर सर गाडीत.

बाकी तक्रारी भरपूर. मे महिना, जळगाव, आणि तीस जणांना दोन कूलर, त्यातला एक नुसताच वारा फेकणारा. व्हीआर गॉगलवर उंचीची भीती अनुभवा म्हणाले होते, गॉगल एकच, माझा नंबर लागेपर्यंत चार्जिंग संपलं. सर्टिफिकेटचे १०० रुपये वेगळे, मी घेतलं नाही. शेवभाजी मात्र झणझणीत, त्याला पाच स्टार.

पुढची बॅच दिवाळीनंतर धुळ्याला आहे म्हणे. सर्पदंशावर एक तास ठेवणार असतील तर सालदारालाही घेऊन जाईन, त्याची फी मी भरेन. मेंदूवाल्या मॅडम आणि मानसशास्त्रवाले सर एकाच दिवशी असतील याची आधी खात्री करून घ्या, आणि जागा चालू कूलरजवळची धरा.